भरलेली डबी

"ही नुसती थुंकी झाली. मला बेडका पाहिजे, छातीतून आलेला," मी तिसऱ्यांदा सांगितलं. "लांब श्वास घ्या, आत धरा आणि मग पोटातून जोर लावून खोका."

पुष्पावती कमरेत वाकून खोकली. आमच्या दवाखान्यामागं लिंबाखाली ही नमुना द्यायची जागा आहे, मुद्दाम उघड्यावर, म्हणजे खोकल्यातले जंतू दुसऱ्या कोणाच्या छातीत जायला नकोत. तिच्या गळ्याच्या शिरा तटतटल्या, डोळ्यांत पाणी आलं आणि डबीत पडला तो चमचाभर फेस. फेसात रक्ताची एक बारीक रेघ होती.

"न्हाई पडत, भाऊ," पदरानं तोंड पुसत ती म्हणाली. "मला कवाच पडला न्हाई बेडका."

"कधीच नाही म्हणजे?"

"म्हंजी कवाच न्हाई. पयल्यापासनं कोरडाच खोकला हाय."

माझ्या हातात तिचं उपचारकार्ड होतं. पुष्पावती, वय शेहेचाळीस, राहणार भापकरवस्ती, टीबीच्या गोळ्या दिवाळीच्या तोंडावर सुरू. गोळ्या घेतघेतच ती उसतोडीला गेली, कारखान्याचा पट्टा पडून हंगाम संपल्यावर परत आली, आणि आता सहा महिन्यांचा कोर्स संपत आला म्हणून शेवटच्या तपासणीला माझ्यापुढं उभी होती.

"मग दिवाळीआधी तुमच्या नावाची डबी आली होती इथं. चांगली निम्मी भरलेली. ती कोणाची?"

"ती व्हय? ती आमच्या दिरानं भरली. वैजनाथ भावज्यांनी."

शेजारणीनं वाटीभर विरजण दिलं असं सांगावं, तशा सुरात तिनं हे सांगितलं.

मी भागवत शिरसाट, लॅब टेक्निशियन. तिसगाव सोडून डोंगराकडं निघालं की एक ग्रामीण रुग्णालय लागतं, तिथं असतो. नाव सांगत नाही, माझी अजून दीड वर्ष नोकरी आहे. एकोणतीस वर्षं मी लोकांचे बेडके तपासतोय. नवे डॉक्टर येतात, त्यांना सूक्ष्मदर्शकात टीबीचा जंतू कसा ओळखायचा ते मी शिकवतो, आणि ते मला मामा म्हणतात. दवाखान्यात मामा म्हणजे स्ट्रेचर ढकलणारा. तीन-चारदा सांगून पाहिलं, मग नाद सोडला. लग्नाकार्यात कोणी विचारलं तर माझी बायकोसुद्धा "सरकारी दवाखान्यात असतात" एवढ्यावरच थांबते, कारण पुढं सांगितलं की शेजारचा माणूस आपलं ताट जरा पलीकडं सरकवतो.

"अहो पण त्यानं का भरली?" माझा आवाज चढला.

"आता काय सांगू. आशाताई सांच्याला डबी दिऊन गेली, सकाळी न्ह्यायला येती म्हनली. म्या पहाटंपासनं खोकत बसले, काय बी पडंना. ती बिचारी एवढ्या लांबनं येनार. तिची डबी तिला मोकळीच माघारी द्यायची का? मोकळं भांडं कुनी देतं का कुनाला? सासूबाई म्हनल्या, वैजनाथचा लई पडतो, त्याला भराय सांगा."

आमच्याही घरी शेजारचं भांडं कधी मोकळं परत गेलं नाही. काहीच नसलं तर आई चिमूटभर साखर टाकायची आणि मग पाठवायची. पण ती साखर असते हो! इथं मशीनमध्ये घातलं तर माणसाच्या नावावर रोग चढतो.

मी आत येऊन मागचं रजिस्टर काढलं. पुष्पावतीच्या नावापुढं, नमुन्याच्या दर्जाच्या रकान्यात, माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: उत्तम. दिवाळीआधीच्या, घरोघरी टीबी शोधायच्या त्या मोहिमेत निम्म्या डब्यांत पाणीच पाणी आलेलं होतं आणि ही एक डबी बघून मला बरं वाटलं होतं, हेही आठवलं. मशीननं जंतू दाखवले, तेही भरपूर. ते सगळे वैजनाथचे होते. म्हणजे पुष्पावतीनं नसलेल्या रोगाच्या गोळ्या सहा महिने खाल्ल्या, आणि ज्याला रोग होता तो सहा महिने चार माणसांत खोकत फिरला. आणि मग हिला काय झालंय, हा प्रश्न तर कोणी विचारलाच नव्हता.

मी आशाताईला फोन लावला. दिपाली तिचं नाव. भापकरवस्ती आणि आजूबाजूच्या चार वस्त्या तिच्याकडं आहेत. ती सायकलवरून धापा टाकत आली आणि मी काही बोलायच्या आतच रडायला लागली.

"आणखी किती डब्या अशा भरल्यात?" मी विचारलं.

"चार-पाच तरी आसतील, सर. नक्की न्हाई सांगता येत. मला नंतर कानावर आलं, पन मला वाटलं एका घरातलंच हाय, काय फरक पडतो."

"फरक पडत नाही? काय शिकवलं होतं तुम्हाला?"

"तुमीच म्हनला हुता ना, सर," ती नाक ओढत म्हणाली. "मोकळी डबी आनली तर तुमालाच माघारी पाठवीन म्हनून. म्या घरोघरी तेच सांगितलं. मोकळी चालत न्हाई म्हनून."

म्हणालो होतो. सप्टेंबरातल्या बैठकीत चाळीस आशाताईंसमोर म्हणालो होतो, टेबलावर हात आपटून. डबी कोणाची हे बघा, समोर उभं राहून घ्या, हेही सांगितलं होतं, पण ते हळू सांगितलं असणार. ओरडलेलं तेवढं त्यांच्या लक्षात राहिलं. मला स्वतःचा इतका राग आला की तो मी दिपालीवरच काढला.

दुपारी डॉक्टर स्नेहल आली. ही नगरच्या बाजूच्या एका मेडिकल कॉलेजात छातीच्या विकारांचं पुढचं शिक्षण घेत होती. तिचा प्रबंध आमच्या त्या मोहिमेवरच होता: जंतू सापडलेले एकशे वीस रुग्ण, त्यातले गोळ्यांनी किती बरे झाले, किती नाही. आधी महिनाभर ती रोज आली, मग दर सोमवारी येई. पहिल्या दिवशी तिला काचपट्टीवर धुळीचा कण आणि जंतू यातला फरक कळत नव्हता. मी तिला शेजारी बसवून महिनाभर रोज वीस पट्ट्या वाचायला लावल्या. दिसलं तेवढंच लिहायचं, वाटलं ते लिहायचं नाही, एवढं एकच मी तिला शिकवलं. बाकी तिला गाईड होते, सबनीस सर. कागदावर मार्गदर्शक म्हणून त्यांची सही होती. त्यात मला काही म्हणायचं नाही, ती तशीच असायला पाहिजे.

मी तिला सगळं सांगितलं. तिनं पुष्पावतीचे दोन्ही एक्स-रे खिडकीच्या काचेला लावले, ऑक्टोबरमधला आणि आजचा. डाव्या बाजूला वरच्या अंगाला जो डाग होता, तो आधी लिंबाएवढा होता आणि आता मोसंब्याएवढा झाला होता.

"वजन?" तिनं विचारलं.

"चव्वेचाळीस होतं. आज पस्तीस भरलं."

"मामा, हा टीबी नाही," स्नेहल म्हणाली. "ही गाठ आहे. आणि हे ऑक्टोबरच्या फिल्ममध्येही दिसतंय. जंतू सापडले म्हटल्यावर आपण कोणी परत बघितलंच नाही."

ती "आपण" म्हणाली, हा तिचा चांगुलपणा. बाहेर बाकावर पुष्पावती पिशवीतली भाकरी काढून खात बसली होती. दोन घास खाऊन तिनं बाकीची परत बांधून ठेवली.

वैजनाथला दुसऱ्याच दिवशी बोलावलं. चाळिशीचा, अंगानं वाळलेला, हातात टोपी धरून उभा राहिला. लिंबाखाली एका दमात त्यानं डबी भरली. मशीननं तासाभरात सांगितलं: जंतू आहेत. मी त्याला विचारलं, तुला एवढा खोकला होता तर मोहिमेत स्वतःचं नाव का नाही दिलं?

"माझा बिडीचा खोकला हाय, सायेब," तो म्हणाला. "आजारी तर वैनी हुत्या." मग जरा घाबरून, "वैनीला काय तरास झाला का माझ्या बेडक्यानं?"

त्याच्या गोळ्या सुरू केल्या. दिपाली त्यांच्या घरी जाऊन रेशनकार्डावर जितकी नावं होती तितक्या सगळ्यांना तपासणीला घेऊन आली. बाकीच्यांना काही निघालं नाही. हे एक काम तरी नीट पार पडलं, असं मला वाटलं.

मग सुरू झालं ते खरं. टीबीच्या प्रत्येक रुग्णाची माहिती संगणकात असते, आणि ती वरच्या ऑफिसातून हलते. मी वरच्या साहेबांना फोन केला.

"शिरसाट, आत्ताच्या नमुन्यात जंतू आहेत का?"

"नाहीत, साहेब."

"मग बरी झाली की बाई. बरी म्हणून नोंद करा, केस बंद करा."

"साहेब, तिला ते कधी नव्हतेच. नमुना दुसऱ्याचा होता."

"दुसऱ्याचा, असा पर्याय आहे का स्क्रीनवर?"

नव्हता. बरा झाला, मरण पावला, स्थलांतरित झाला, उपचार सोडले, असे पर्याय होते. चुकून दुसऱ्याचा रोग हिच्या नावावर आला, असं दाबायला बटणच नव्हतं.

"आणि अजून चार-पाच डब्या अशा असतील, साहेब. त्या वस्त्यांची सगळी तपासणी परत घ्यायला पाहिजे."

"मोहीम संपलीय, शिरसाट. आपला तालुका पहिला आलाय. लेखी पाठवा, बघू."

लेखी पाठवलं, दोनदा. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

आमच्या दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांची चिठ्ठी देऊन पुष्पावतीला नगरला पाठवलं. सकाळच्या एसटीनं गेली, संध्याकाळी परत आली. दुसऱ्या दिवशी कागद दाखवायला आली तेव्हा पिशवीत खोकल्याच्या औषधाची बाटली होती. त्यांनी संगणकात नाव घातलं, त्यात आलं: टीबी निश्चित, उपचार पूर्ण. तिथल्या कोणा शिकाऊ डॉक्टरनं लिहिलं होतं की टीबीनंतर असे डाग राहतात, दूध, अंडी, शेंगदाणे द्या. आमची चिठ्ठी घडी न मोडता तशीच आत होती. मी ती बाटली हातात घेऊन उभा राहिलो आणि माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की ती भिंतीवर फोडावी. पण ती तिची बाटली होती, ती रांगेत पाच तास उभी राहून तिनं मिळवली होती.

"आता काय करायचं, भाऊ?" तिनं विचारलं. तक्रारीचा सूर नव्हता. पुढची बस कुठली, असं विचारावं तसं.

"बघतो," मी म्हणालो.

पुढच्या सोमवारी स्नेहलनं माझ्यासमोरच, लॅबमध्ये, गाईडना फोन लावला. स्पीकर सुरू ठेवला. मला ऐकू जावं असं तिला वाटत असावं.

"तुझ्या प्रबंधात एकशे वीस रुग्ण आहेत," सबनीस सर म्हणाले. "एक चुकीचा निघाला तर वगळ. त्यात काय एवढं?"

"सर, एक सापडला म्हणजे आणखी असतील. नमुना कोणाचा हेच नक्की नसेल तर माझ्या सगळ्याच आकड्यांना अर्थ राहत नाही. मला हे लिहायचंय."

"लिही ना. परीक्षक पहिला प्रश्न विचारेल, बाकीचे एकशे एकोणीस कशावरून खरे? आहे तुझ्याकडं उत्तर?"

"नाही, सर."

"मग तीस तारखेला काय जमा करणार आहेस? वर्ष जाईल तुझं. माझ्याकडं आठ विद्यार्थी आहेत, बाई. प्रत्येकाचा एकेक रुग्ण घेऊन बसलो तर एकही पुढं जाणार नाही." मग फोनवर कागद चाळल्याचा आवाज आला. "त्या बाईला मंगळवारी घेऊन ये. सीटी स्कॅनचं मी स्वतः बोलतो. डाग तसाच असेल तर त्याच आठवड्यात सुई घालून तुकडा काढू. नोंद काय म्हणते ते मी बघत नाही. पण प्रबंधात हा गोंधळ मला नकोय. कळलं?"

"हो, सर," स्नेहल म्हणाली.

खरं सांगतो, मला तो माणूस वाईट वाटला नाही. वाईट वाटला असता तर सोपं झालं असतं, चार शिव्या देऊन मोकळा झालो असतो. इतक्या दिवसांत त्या बाईचं ऐकून घेणारा तो पहिला मोठा डॉक्टर होता. पण मी चिडलो तो स्नेहलवर.

"महिनाभर काय शिकवलं मी तुम्हाला? दिसलं ते लिहायचं नाही, असं शिकवलं का?"

"मामा, सरांनी तिच्यासाठी शब्द टाकायला हवा होता मला," ती म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता. "त्या बाईला आत्ता सीटी स्कॅन पाहिजे का माझा प्रबंध पाहिजे? तुम्ही सांगा. दोन्ही मिळत नाहीत."

"दोन्ही मिळायला पाहिजेत."

"पाहिजेत तर खरं," ती म्हणाली आणि पट्ट्यांचा खोका आवरायला लागली.

मंगळवारी ती स्वतःच्या गाडीत घालून पुष्पावतीला घेऊन गेली. प्रबंध तीस तारखेला जमा झाला. पुष्पावतीचा क्रमांक त्यात नाही. एकशे एकोणीस रुग्ण आहेत, आणि तळटीपेत "एक रुग्ण तांत्रिक कारणास्तव वगळला" असं एक वाक्य आहे. आभाराच्या पानावर माझं नाव आहे, श्री. भागवत शिरसाट असं पूर्ण. मी ते पान वाचलं आणि प्रत कपाटात ठेवून दिली. स्नेहल त्यानंतर सोमवारची येईनाशी झाली. तिचं काम संपलं होतं.

तुकड्याचा रिपोर्ट मे महिन्यात आला. फुप्फुसाचा कॅन्सर होता. बिडीला कधी हात न लावलेल्या, जन्मभर चुलीपुढं बसलेल्या बाईला. सबनीस सरांनी स्वतः मला फोन करून सांगितलं. ऑक्टोबरमध्ये आली असती तर ऑपरेशन करता आलं असतं, आता ते शक्य नाही, सलाईनमधून औषधं देऊन थोडे महिने वाढवता येतील, असं ते म्हणाले. मी ठीक आहे म्हणालो. फोन ठेवल्यावर रजिस्टरमधला तो "उत्तम" शब्द पेनानं खोडावा असं वाटलं. खोडला नाही. सरकारी नोंद आहे.

मेच्या शेवटच्या आठवड्यात पुष्पावती परत आली. सलाईनचा पहिला डोस झाला होता. बरोबर सून होती, पूजा नावाची, वीस-एकवीस वर्षांची, कडेवर लहान बाळ घेतलेली. सून दारातच थांबली आणि पुष्पावती एकटीच आत येऊन माझ्यासमोरच्या स्टुलावर बसली.

"भाऊ, एक इचारू का? ह्यो आत्ताचा जो आजार हाय मला, ह्यो दुसऱ्याला लागतो का?"

"नाही. अजिबात नाही."

"शिवलं तरी?"

"शिवलं तरी नाही, एका ताटात जेवलं तरी नाही."

तिनं इतका मोठा सुस्कारा टाकला की तिला परत खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत मी पाणी आणलं.

"मंग तेवढं लिहून द्या," ती म्हणाली. "मला टीबी न्हाई अन नव्हता, असं. सासूबाई ऐकत न्हाईत. त्या म्हनत्यात, कागदानं टीबी आला, आता जायचा तर कागदानंच गेला पायजे. सहा-सात म्हैनं झालं, मला येगळं ठिवलंय. ताट येगळं, आथरून येगळं. कारखान्यावर पाचटाच्या कोपीत बी मी भाईर झोपायची. त्याचं काय न्हाई वाटत मला. पन ही पूजा कारखान्यावर बाळंत झाली, मार्गशीर्षात. पयला नातू. त्येला म्या आजपतुर हात लावला न्हाई. त्येला माझं लागंल म्हनून."

मी दाराकडं बघितलं. बाळ आईच्या खांद्यावरून मागं बघत होतं.

"मग तुम्ही सगळे उसाच्या फडात असताना बाळाला कोण सांभाळत होतं?" मी विचारलं.

"धाकले मामंजी," पूजा दारातूनच म्हणाली. "वैजनाथ मामंजी. त्येंना दम लागायचा, कोयता हानता येईना, मंग तेच कोपीवर ऱ्हायचे दिसभर लेकराला घिऊन. लई जीव हाय त्येंचा. अंगावरच झोपायचं त्येंच्या."

दिपालीनं रेशनकार्डावरची सगळी नावं तपासली होती. पूजाचं नाव अजून माहेरच्या कार्डावर होतं, बाळाचं तर कुठंच नव्हतं, आणि एप्रिलमध्ये दोघंही माहेरी होती. जिच्यामुळं कोणाला काही होणार नव्हतं तिला सगळ्यांनी लांब ठेवलं, आणि जंतू असलेल्याच्या छातीवर लेकरू निजवलं. सगळ्यांनी अगदी काळजीनं, नीट विचार करून हे केलं होतं. आमच्या कागदावर विश्वास ठेवून.

मी रांगेतल्या लोकांना थांबायला सांगितलं आणि बाळाला घेऊन स्वतः मोठ्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी तपासलं. वजन बरं होतं, ताप नव्हता, एक्स-रे स्वच्छ निघाला. तरी खबरदारी म्हणून औषध सुरू करायचं ठरलं. आईलाही तपासलं, ती ठीक होती.

मग मी कागदाचं बोललो. मोठे डॉक्टर मान हलवायला लागले. "शिरसाट, संगणकात ती बाई टीबीतून बरी झालेली आहे. टीबी नव्हताच असं मी कसं लिहून देऊ? उद्या कोणी विचारलं तर?"

"मग मी देतो."

"तुम्हाला निदान लिहायचा अधिकार नाही."

"नाहीच," मी म्हणालो.

लॅबमध्ये येऊन मी दवाखान्याचा छापील कागद घेतला आणि मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिलं: भापकरवस्तीच्या श्रीमती पुष्पावती यांची तपासणी मी केली. त्यांच्या नावावर आलेला नमुना त्यांचा नव्हता, ही चूक आमची आहे. त्यांना टीबी नव्हता व नाही. त्यांच्यापासून कोणालाही काही लागत नाही. खाली पूर्ण नाव, हुद्दा, तारीख घातली आणि लॅबचा गोल शिक्का मारला. याचं मला उद्या कोणी काय करायचं ते करो.

पुष्पावतीला वाचता येत नव्हतं. पूजानं दारात उभं राहून मोठ्यानं वाचून दाखवलं, बोट ठेवून, एकेक शब्द. "चूक आमची आहे" या ठिकाणी ती अडखळली, माझ्याकडं बघितलं आणि पुढं वाचलं. पुष्पावतीनं कागदाची घडी घालून तो पोलक्यात ठेवला, हात पदराला पुसले आणि पुढं केले.

पूजानं बाळ तिच्या मांडीवर ठेवलं. बाळानं क्षणभर त्या अनोळखी चेहऱ्याकडं बघितलं, ओठ काढले आणि मोठ्यानं रडायला लागलं. हातपाय झाडायला लागलं, आईकडं झेपावायला लागलं. पूजा घाईनं पुढं झाली.

"आत्या, द्या हिकडं, थांबंल लगीच."

"ऱ्हाऊ दे," पुष्पावती म्हणाली. तिनं बाळाला छातीशी धरलं, पडू नये इतपत घट्ट, आणि हलक्या हातानं थोपटायला लागली. "रडू दे त्येला. वळख न्हाई अजून. व्हईल हळूहळू."

बाहेर सात-आठ जण डब्या घेऊन खोळंबले होते. रडणं बराच वेळ चाललं, आणि तोवर मी कोणालाही आत बोलावलं नाही.